बदलीच्या पेट्यांची भिंत

राग माझ्या नाकावर असतो, असं आमच्या घरात मी बोलायला लागल्यापासून म्हणतात. म्हणोत बापडे. नाकावरचा राग लोकांना दिसतो तरी, पोटातल्याचं काय? त्या हिवाळ्यात आमच्या चंदीगडच्या क्वार्टरमध्ये पाच माणसं होती आणि पाचही जणांच्या पोटात राग होता, हे मला कळायला पस्तीस वर्षं लागली. तेव्हा मला वाटायचं, रागावण्याचा हक्क फक्त माझा आहे. मी सतरा वर्षांची होते, बारावीला होते, आणि माझी खोली गेली होती.

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात ड्राफ्ट्समन होते, नकाशे काढायचे. मूळचे आम्ही अकोल्याचे. अकोल्याहून डेहराडून, डेहराडूनहून चंदीगड, अशी आमची वरात. क्वार्टर दोन खोल्यांचं, वरच्या मजल्यावरचं. पुढच्या खोलीत आई-बाबा, रेडिओ, येणारेजाणारे. मागची खोली माझी. भाऊ नाही, बहीण नाही, त्यामुळे ती खरोखरच माझी. मागे छोटी गॅलरी होती, तिथून थंडीत स्वच्छ दिवशी कसौलीकडचे डोंगर दिसायचे. माझ्या वर्गातल्या मुलींमध्ये स्वतःची खोली असलेली मी एकटीच, आणि मी ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे. खोटं कशाला बोलू?

आमचे शरदकाका, बाबांचे धाकटे भाऊ, बँकेत होते. त्यांची बदली अमृतसरच्या पुढे, सीमेकडच्या एका लहानशा गावात झाली होती. पंजाबातले ते दिवस कसले होते हे ज्यांनी काढले त्यांना सांगायला नको. सकाळी पेपर उघडला की पहिल्या पानावर मेलेल्यांचा आकडा. बसस्टँडवर वाळूची पोती, दर चौकात नाका, बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका, आत बॉम्ब असतो म्हणून शाळेत रोज प्रार्थनेनंतर सूचना. तरी चंदीगड त्या मानानं सुरक्षित. काकांच्या बँकेच्या दारावर एके सकाळी धमकीची चिठ्ठी चिकटवलेली सापडली. काकांनी बदली मागितली, ती मिळेना. मग दोघा भावांनी फोनवर ठरवलं की मंदाकाकू आणि मिनूनं आमच्याकडे यायचं. 'आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे,' बाबा म्हणाले. दोघा भावांनी ठरवलं, हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे. आईला कळलं ते जेवताना, मला कळलं ते आईकडून, आणि काकूला कधी नि कसं कळलं हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दसऱ्याच्या आधी त्या आल्या. काकू तेव्हा अठ्ठावीस-तिशीची असेल. बारीक, सावळी, कायम हसतमुख. बरोबर एक मोठा होल्डॉल, एक ट्रंक आणि चार वर्षांची मिनू. मिनू जन्मल्यापासून पंजाबात. आईशी ती मराठीत रडायची आणि बाकी सगळ्या जगाशी पंजाबीत बोलायची. आल्या आल्या माझ्या टेबलापाशी उभी राहून तिनं विचारलं, "दीदी, की कर रही ऐं?" मी म्हटलं, अभ्यास. पुढचे चार महिने ती हाच प्रश्न विचारत राहिली आणि माझं उत्तर दिवसेंदिवस तुटक होत गेलं.

आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना. आधी काकू आणि मिनू माझ्या खोलीत जमिनीवर झोपायच्या. मी पाय आपटायचे, पुस्तकं आदळायचे. शेवटी आईच बाबांना म्हणाली, "अहो, पोरीची बारावी आहे. काहीतरी आडोसा करा." बाबांनी एक सबंध रविवार विचार केला. सरकारी क्वार्टरच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हा त्यांचा धर्म होता. आमच्या घरात तसबिरीसुद्धा कपाटाला टेकवून उभ्या. प्लायवूडचं पार्टिशन करायचं तर फ्रेम हवी, फ्रेम म्हणजे खिळे. मग त्यांना पेट्या आठवल्या.

बदलीच्या नोकरीत ज्यांची हयात गेली त्यांना या पेट्या माहीत असतील. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या फळ्यांच्या, लोखंडी पट्ट्या मारलेल्या. सामान लागलं की लोक खोकी फेकून देतात; बदलीवाले पेट्या जपतात, कारण पुढची ऑर्डर कधी येईल याचा नेम नाही. आमच्याकडे सोळा होत्या. प्रत्येकीच्या बुडावर काळ्या रंगात बाबांच्या सुंदर अक्षरात नंबर, बाबांचं नाव आणि गावं: अकोला खोडलेलं, डेहराडून खोडलेलं, चंदीगड न खोडलेलं. गॅलरीत ताडपत्रीखाली त्यांची थप्पी असायची. पेटीची एक फळी जरी मी मांजराच्या पिल्लासाठी मागितली असती तर बाबांनी मला घराबाहेर काढलं असतं.

त्या पेट्यांची भिंत करायची, ठरलं. बाबांनी टेप लावून खोली मोजली, खडूनं जमिनीवर रेघ ओढली, गुडघ्यांवर बसून, जीभ दातांत धरून, जणू दोन देशांची हद्द आखत आहेत. झाकणं काढून पेट्या आडव्या ठेवल्या, चारावर चार, काथ्याच्या दोरीनं घट्ट आवळल्या. खिळा एकही नाही. भिंत माझ्या डोक्याच्या वर हातभर गेली, छतापर्यंत पोचली नाही. वर एकच ट्यूबलाइट दोन्हीकडे, बटण माझ्याकडे. आणि पेट्यांची उघडी तोंडं काकूकडे.

इथे माझं पहिलं भांडण झालं. उघडी तोंडं म्हणजे सोळा कप्पे. आयतं कपाट! आणि मला काय? सोळा बुडं. "तुला टेबल आहे, भिंतीतलं कपाट आहे. त्यांच्याकडे काय आहे?" बाबा म्हणाले. बरोबरच होतं की ते. पण सतराव्या वर्षी दुसऱ्याचं बरोबर असणं इतकं झोंबतं म्हणून सांगू! खोली माझी, पेट्या आमच्या, आणि कप्पे पाहुण्यांना. मी शपथच घेतली, त्या बाजूला पाऊल टाकणार नाही. गॅलरी त्यांच्या बाजूला गेली होती, तर मी माझे कपडे पुढच्या खिडकीत वाळत घालायला लागले. डोंगर त्या वर्षी मी पाहिले नाहीत.

आणखी एक गोष्ट होती, जी बाबांच्या नकाशात बसली नव्हती. खोलीचं दार माझ्या अर्ध्या भागात होतं. काकूला स्वयंपाकघरात जायचं, न्हाणीत जायचं, मिनूला शू लागली, प्रत्येक वेळी माझ्या टेबलाला वळसा घालून जायला लागायचं. आणि दर वेळी ती पेट्यांच्या टोकाशी थांबून विचारायची, "येऊ का गं शुभा?" मी मानेनं हो म्हणायचे. परत येताना दाराशी थांबून पुन्हा, "येऊ का गं?" दिवसातून वीस वेळा. माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा मैत्रिणीला मी तिची नक्कल करून दाखवली, पदर सावरत, मान वाकडी करत, "येऊ का गं शुभा?" आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. आज ती नक्कल आठवली की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

दिवसभर घर आवाजांनी भरलेलं असायचं. खाली पम्मी आंटींच्या अंगणात सरसोंचा साग घोटल्याची घरघर, आईच्या कुकरच्या शिट्ट्या, बाबांच्या बातम्या, मधूनच पोलिसांच्या जीपचा भोंगा. आई आणि काकू मिळून मक्याच्या पिठाची थालीपिठं लावायच्या. ज्वारी मिळायची नाही म्हणून काकूनं शोधून काढलेली युक्ती. वरून लोणी. वास माझ्या टेबलापर्यंत यायचा आणि मी भूक नाही म्हणून सांगायचे. मग मिनू पलीकडून यायची. नऊ नंबरच्या पेटीच्या बुडाला फळीतली गाठ निसटून बोटभर भोक पडलं होतं, नेमकं माझ्या टेबलाच्या वर. ती त्या पेटीत शिरून बसायची आणि भोकाला डोळा लावायची. "दीदी, की कर रही ऐं?" मी कागदाचा बोळा भोकात घातला. तिनं तो पेन्सिलीनं माझ्याकडे ढकलला. तिला वाटलं खेळच आहे.

काकूचा मात्र आवाज कधी आला नाही. इतक्या जवळ, एका फळीच्या अंतरावर बाई राहते आणि तिचा उसासासुद्धा ऐकू येत नाही! नवरा तिकडे, रोज पेपरात ते आकडे, आणि ही सकाळी उठून हसतमुखानं चहाचे कप विसळते. मला त्याचाही राग यायचा. मी मनात म्हणायचे, हिला काही वाटतच नाही. मजेत आहे इथे.

संक्रांत आली. माझी प्रीबोर्ड, म्हणजे बोर्डाआधीची सराव परीक्षा, चार दिवसांवर. आदल्या दिवशी खाली लोहरीची शेकोटी झालेली, अंगणात राख अजून गरम. पम्मी आंटींनी रेवड्या आणि शेंगदाणे पाठवले होते, त्या बदल्यात द्यायला काकू सकाळपासून तिळगूळ करत होती. बाहेर असं धुकं, की समोरचं क्वार्टर दिसत नव्हतं. बाबा सुट्टी म्हणून घरी, पुढच्या खोलीत पेपर वाचत. आई स्वयंपाकघरात. मी फिजिक्सची वही उघडून बसले होते. तीन आठवडे खपून केलेल्या नोट्स, दोन रंगांच्या शाईत. तेवढ्यात नऊ नंबरच्या भोकातून तिळगुळाचा एक कण आला. मग दुसरा. मिनूनं अख्खी वडी कुस्करून घेतली होती आणि मला एकेक कण पाठवत होती. मी पाहिलं, पण मान वर केली नाही. मग तिला घाई झाली असावी. तिनं मूठभर चुरा भोकाशी ठेवला आणि वर पाणी ओतलं. म्हणजे वाहून जाईल. ते पाणी माझ्या वहीवर आलं. दोन रंगांची शाई एक झाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, पेट्यांवर मूठ आपटली आणि ओरडले. काय ओरडले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण तेवढं विसरायची सोय देवानं माझ्यासाठी ठेवली नाही. "आठ दिवसांसाठी आलात ना? चार महिने झाले! कधी जाणार आहात तुम्ही? काका राहतातच ना तिकडे? मेले का ते? रोज उठून सगळेच मरतात का तिथे?"

पेपरची घडी पडल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरातली सांडशी थांबली. मला वाटलं, आता बाबा येतील आणि माझ्या कानाखाली वाजवतील. कुणीही आलं नाही. पलीकडे मिनू रडायला लागली आणि लगेच गप्प झाली, तोंडावर हात ठेवल्यासारखी. मग काकू पेट्यांच्या टोकाशी आली, हातात तिळगुळाची वाटी. "येऊ का गं शुभा?" तिनं विचारलं. मी वहीची भिजलेली पानं सुटी करत राहिले. ती तशीच उभी राहिली. मी हो म्हणेपर्यंत ती येणार नव्हती. शेवटी ती परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू निघाली. एक पिशवी आणि मिनू. "ह्यांचे जेवणाचे फार हाल होऊन राहिले. पत्रात लिहीत नाहीत, पण कळतं ना वहिनी," ती आईला म्हणाली. होल्डॉल आणि ट्रंक मागून कुणाबरोबर तरी पाठवा. आई रडली. बाबा म्हणाले, "मंदा, थांबली असतीस तर बरं झालं असतं." बास. एवढंच. मी आजही विचारते, किती मोठ्यानं म्हणालात बाबा? पाहुण्याला अजून एक पोळी घ्या म्हणतात तेवढ्याच आवाजात ना? जिच्या जिवावर बेतू शकतं तिला तुम्ही आग्रह केलात! दार अडवून उभं का राहिला नाहीत? माझ्या अक्कलशून्य तोंडासाठी मला तिच्या पायावर का घातलं नाहीत? माझी चूक माझीच आहे, ती मी कुणाच्या पदरात टाकत नाही. पण त्या घरात मोठी माणसं दोन होती.

बाबा त्यांना सतरा सेक्टरच्या स्टँडवरून बसमध्ये बसवून आले. मफलर न सोडता सरळ माझ्या खोलीत गेले आणि काथ्याच्या दोऱ्या सोडायला लागले. मी दारात उभी. "घे," ते म्हणाले, "अख्खी खोली घे आता." पहिली पेटी त्यांनी खाली उतरवली. पेट्यांच्या तोंडांवर काकूनं जुनी साडी पडद्यासारखी सोडली होती, ती घसरून पडली आणि मी पहिल्यांदा त्या बाजूनं भिंत पाहिली.

ज्या कप्प्यांसाठी मी चार महिने जळत होते, त्यांत कपडे नव्हते, भांडी नव्हती, काही नव्हतं. त्यांत रजया होत्या. काकूनं होल्डॉलमधून आणलेल्या, आईनं दिलेल्या. रजया, गादीचे तुकडे, लोकरीचे कपडे, सगळं पेट्यांत ठासून भरलेलं, कोपरे बोटांनी दाबून दाबून. फक्त नऊ नंबरची पेटी रिकामी, मिनूपुरती. बाकी त्या दोघींचं जे काही होतं ते ट्रंकेत. आणि जमिनीवर एक सतरंजी, एक कांबळं आणि काकूची शाल. चंदीगडच्या जानेवारीत! फरशीवर पाय ठेवला तरी कळ मस्तकात जाते अशा थंडीत त्या दोघी कांबळ्यात झोपल्या होत्या.

"तुला माहीत होतं?" मी आईला विचारलं. आई म्हणाली, "आवाज जाऊ नये म्हणून भरल्यात म्हणाली. तुझा अभ्यास व्हावा म्हणून असेल. कुणाला सांगू नका म्हणाली होती." मी आईवर ओरडले. मग रजईत तोंड खुपसून रडले. त्यातही रागच जास्त होता. इतकं चांगलं कशाला वागायचं माणसानं? तोंडावर दोन शिव्या दिल्या असत्या तर फिटंफाट झाली असती.

बस पोचली की नाही, कळेना. त्या बाजूला संचारबंदी लागली. रोज दुपारी मी खाली पम्मी आंटींकडे फोन करायला जायचे. "लाइन ही नहीं मिल रही, पुत्तर," त्या म्हणायच्या, "रब खैर करे," आणि माझ्या हातात रेवड्या कोंबायच्या. पेपरातले आकडे आता मी नावं शोधत वाचायला लागले. प्रीबोर्डचे सगळे पेपर त्या दिवसांत झाले. अख्खी खोली होती, शांतता होती, आणि मी एक ओळ वाचली नाही. अकराव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. काकूच्या अक्षरात. 'सुखरूप पोचलो. रस्त्यात दोन दिवस लागले. मिनूला ताप होता, आता बरा आहे. शुभाला म्हणावं, अभ्यास कर.' पुढच्या वर्षी काकांची बदली विदर्भात झाली. जाताना त्यांची गाडी अंबाल्यावरून गेली. चंदीगडला ते उतरले नाहीत.

पुढे लग्नाकार्यात भेटी झाल्या, सगळ्यांसमोर, वरवरच्या. माफी मागायचं माझ्यानं झालं नाही. नाकावरचा राग तसा भित्रा असतो. शेवटी गेल्या वर्षी अकोल्याला गेले. काका नाहीत आता. काकू मिनूकडे असते. मिनूनं दारातच तक्रार केली, "ताई, तू तरी सांग आईला. दुपारी आडवी होते आणि आतून कडी लावून घेते. या वयात काही झालं तर?" काकू आपल्या खोलीत खाटेवर बसून लसूण सोलत होती. मी शेजारी बसले आणि पस्तीस वर्षं घोकलेलं सगळं एका दमात म्हटलं. मी काय बोलले ते, पेट्या, रजया. माझ्या अभ्यासासाठी तू थंडीत कुडकुडलीस आणि मी तुला घालवून दिलं.

काकूनं सुरी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला न हसताना पाहिलं.

"तुझ्या अभ्यासासाठी?" ती म्हणाली. "काय बोलून राहिलीस बापा! तुझ्या अभ्यासाचं काय घेणं होतं मला? रडायला जागा नव्हती त्या घरात. तुम्ही तिघं तीन बाजूंनी. चार महिने मी रजईत तोंड घालून रडले, शिव्या दिल्या. तुझ्या काकाला, तुझ्या बापाला, तुलाही. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून पेट्या भरल्या."

"मग मी त्या दिवशी बोलले म्हणून तू—"

"तर काय! तुझ्यामुळेच गेले. राग काय एकट्या तुलाच येतो? अस्सा राग आला होता मला, बसमध्ये मिनूचा हात आवळून धरला तर वळ उठले पोरीच्या हातावर." तिनं सुरी पुन्हा उचलली. "पण बरं झालं बोललीस ते. दिवसातून वीसदा 'येऊ का' विचारून जीव विटला होता. तिथे भीती होती, नाही कुठे म्हणते? फटाका वाजला तरी आम्ही जमिनीवर पडायचो. पण घर माझं होतं गं. दाराला आतून कडी होती."

लसूण संपेपर्यंत मीही तिच्याबरोबर सोलत बसले. मग ती म्हणाली, "चल, जा आता. मला पडायचं आहे." मी उठले. दारापर्यंत गेले, आणि मिनूचा निरोप सांगायचा होता तो न सांगताच बाहेर पडले, दार ओढून घेतलं. आतून कडी लागली.